मंडळी आणि युवक संघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या फाटकाजवळ, फोनवर आणि उपासनेनंतरच्या चहाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. उत्तरं युवक संघाने लिहिलीत. जिथे मंडळीचा (म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांचा मिळून) नियम आहे तिथे नियम सांगितलाय, जिथे नुसतं आमचं मत आहे तिथे तसं म्हटलंय. आधी सगळे प्रश्न चाळा. तुमचा प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी विचारलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

१. मी ख्रिस्ती नाही. मित्राबरोबर रविवारी चर्चमध्ये आलो तर कुणी काही म्हणेल का?

काही म्हणणार नाही. फार तर चहाच्या वेळी एखादी आजी "कुणाचा रं तू? कुठल्या पेठेतला?" असं विचारेल. ही कोल्हापूरची चौकशी आहे, चर्चची नव्हे. सगळे उभे राहिले की उभं राहा. प्रार्थनेत डोळे मिटायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. अर्पणाची थैली समोर आली तर पुढे सरकवा, पाहुण्याने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजनाची (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी) भाकर आणि पेला मात्र घेऊ नका, त्याचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे. धर्म बदलण्यासाठी तुम्हाला कुणी गळ घालणार नाही. कुणी घातलीच तर थेट पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कानावर घाला. वय १८ च्या आत असेल तर घरी सांगून या (प्रश्न ११).

२. उपासना किती वेळ चालते? मधूनच उठून गेलं तर चालतं का?

साधारण दीड तास. प्रभुभोजनाच्या रविवारी दोन तास धरा. गीत, प्रार्थना, पापकबुली, शास्त्रवाचन, सूचना, अर्पण, उपदेश, प्रभूची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद, हा क्रम फारसा बदलत नाही. जायचंच असेल तर गीत चालू असताना मागच्या दाराने जा. उपदेशाच्या ऐन मध्यात उठून गेलात तर पाळक काही बोलत नाहीत, पण सगळ्या माना वळतात. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घरी असेल तर घेऊन या. नसेल तर दाराजवळच्या कपाटात प्रती आहेत, त्या जाताना परत ठेवा.

३. प्रेस्बिटेरियन म्हणजे नक्की काय? कॅथलिक वेगळे, हे वेगळे, मग फरक कशात?

कारभारात फरक पटकन दिसतो. आमच्याकडे मंडळीचे सभासद आपल्यातून वडील (इंग्रजीत 'एल्डर', मंडळीचे कारभारी) निवडतात आणि पाळक व वडील मिळून मंडळी चालवतात. त्यांच्या बैठकीला सेशन म्हणतात. एकट्या माणसाने ठरवलं आणि झालं, असं सहसा होत नाही. त्यामुळे साधा रंग कुठला द्यायचा यावरही दोन बैठका जातात, ही या पद्धतीची किंमत. श्रद्धेच्या बाजूने पाहिलं तर मूळ सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, जॉन कॅल्विन आणि स्कॉटलंडचे जॉन नॉक्स यांच्या परंपरेत आहे. चर्चमध्ये संतांच्या मूर्ती नाहीत, उपदेशाला मोठं स्थान आहे, लहान बाळांचा बाप्तिस्मा होतो.

कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ मध्ये अमेरिकेतून आलेले मिशनरी रॉयल वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा यांच्यापासून सुरू झालं. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आलं. म्हणून घरातली जुनी माणसं अजून 'अमेरिकन मिशन' म्हणतात. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल, कोडोलीचं मिशन हॉस्पिटल, शहरातलं आयर्विन ख्रिश्चन आणि एस्तर पॅटन हायस्कूल हा सगळा त्याच मिशनचा पसारा. पुढे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या एकत्रीकरणाबद्दल जुन्या सभासदांची मतं ठाम आहेत आणि एकसारखी नाहीत. चहाला तो विषय काढायचा असेल तर हाताशी वेळ ठेवा.

४. जगातल्या एका मोठ्या विद्यार्थी चळवळीचं कोल्हापूरशी नातं आहे असं पाळक म्हणाले. खरं का?

खरं आहे, आणि आपल्याच पोरांना ते माहीत नसतं याचं आम्हाला वाईट वाटतं. वर ज्यांचं नाव आलं त्या वायल्डर दांपत्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथे, कोल्हापुरात जन्मला. शिक्षणासाठी तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे कॉलेज विद्यार्थ्यांचं एक लांबलचक शिबिर भरलं. सुमारे अडीचशे पोरं आली होती. रॉबर्ट त्यांच्यात फिरून एकेकाशी बोलत राहिला आणि शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशात सेवेला जायची तयारी लिहून दिली. पुढच्या वर्षभरात तो आणि त्याचा मित्र जॉन फोरमन कॉलेजमागून कॉलेज हिंडले. १८८८ मध्ये त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट उभी राहिली. तिचे अध्यक्ष जॉन मॉट यांना पुढे १९४६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

रॉबर्टमागे त्याची मोठी बहीण ग्रेस होती. भाऊ शिबिराला निघाला तेव्हा घरी राहून प्रार्थना करणारी ती, आणि पुढे स्वतः भारतात येऊन काम करणारीही तीच. आमच्या युवक संघात मुलींनी 'फक्त स्वागताला' उभं राहायचं असा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

या चळवळीतून जे परदेशी आले त्यांच्या कामात चांगलं काय आणि साहेबी थाट किती, यावर आज मोकळेपणाने बोलता येतं. दर वर्षी त्यावर एक चर्चा ठेवतो, आणि ती आमच्या बऱ्या कार्यक्रमांपैकी एक असते.

५. लहानपणी बाप्तिस्मा झालाय. मग दृढीकरण कशासाठी? आणि प्रभुभोजन कधी घ्यायचं?

बाळाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या विश्वासावर होतो. दृढीकरणात तुम्ही स्वतःच्या तोंडाने मंडळीसमोर तो विश्वास कबूल करता. त्याआधी काही आठवडे पाळक वर्ग घेतात. त्यात दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि मंडळीचा कारभार शिकवतात. पाठांतरापेक्षा प्रश्न विचारणाऱ्या पोरांवर पाळक खूश असतात. दृढीकरण झालं की प्रभुभोजनात सहभाग मिळतो आणि तुम्ही पूर्ण सभासद होता.

इतर मंडळ्यांमधून आलेल्या बाप्तिस्मा झालेल्या सभासदांना मेजावर बोलावणं असतंच. बाप्तिस्मा न झालेल्यांनी शांतपणे बसून राहावं. त्यात अपमान नाही, तुमच्या शेजारीही एखादा बसून राहिलेला दिसेल.

मोठेपणी विश्वासात आलेल्यांसाठी बाप्तिस्मा आणि दृढीकरण एकाच दिवशी होऊ शकतं. त्याची वाट मोठी आणि मुद्दाम सावकाश ठेवलेली आहे. आज विचारलं आणि येत्या रविवारी झालं, असं आमच्याकडे होत नाही.

६. युवक संघात यायला वय किती लागतं? लग्न झालेले चालतात का?

बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत रविवार शाळा, पुढे १७ पर्यंत कुमार गट, १८ पासून ३५ पर्यंत युवक संघ. लग्न झालेले चालतात, बाळ कडेवर घेऊन आलात तरी चालतं. पस्तिशी उलटल्यावरही खुर्ची न सोडणारे काही आहेत. त्यांना आम्ही सल्लागार म्हणतो आणि मत देऊ देत नाही.

७. युवक संघ नाताळात स्टेजवर दिसतो. बाकी अकरा महिने काय करता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि जरा खोचकपणेच येतो. म्हणून उत्तर लांब.

शनिवारी संध्याकाळी चर्चची झाडलोट होते, बाकं पुसली जातात, माईक तपासले जातात. रविवारी उपासनेनंतर संघाची बैठक असते. एक शास्त्रपाठ, त्यावर चर्चा, मग आठवड्याचं काम. महिन्यातून एकदा घरोघरी प्रार्थनेला जातो. बहुतेक वेळा ज्यांना चर्चपर्यंत येणं जमत नाही त्यांच्याकडेच. अशा घरात गीत एक, प्रार्थना एक आणि गप्पा अर्धा तास, असं प्रमाण ठेवलंय. कारण त्या आजोबांना आमच्या गाण्यापेक्षा कुणाशी तरी बोलायचं असतं.

रुग्णभेटीला दोघं-तिघंच जातात, आणि नातेवाइकांना आधी विचारून जातात. वॉर्डात पत्रकं वाटायची नाहीत, दुसऱ्या पेशंटच्या खाटेजवळ न बोलावता उभं राहायचं नाही, मोबाईलवर फोटो काढायचा नाही. हे तीन नियम मोडणाऱ्याला पुन्हा नेत नाही.

रक्तदान, दहावीच्या पोरांना गणित-विज्ञानाची शिकवणी, जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करून पुढच्या वर्षी देणं हेही चालू असतं. शिकवणीला सगळ्या जातीधर्मांची पोरं येतात, तिथे प्रार्थनेची सक्ती नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास कापणीचा सण असतो. लोक भाजी, तांदूळ, गूळ, कोंबडी असं जे काही आणतात त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो. एका भोपळ्याची किंमत कुठपर्यंत चढेल ते भोपळ्यावर नाही, बोली लावणाऱ्या दोन मावसभावांवर अवलंबून असतं. तो लिलाव पुकारणं हे युवक संघाचं काम, आणि त्याला घसा लागतो.

आमचं मत विचाराल तर संघ कळतो तो उपासना संपल्यावर. खुर्च्या उचलायला कोण थांबतं ते पाहा. स्टेजवर उभं राहायला पंधरा जण मिळतात, सतरंज्या घड्या करायला चार. नव्या माणसाने त्या चौघांशी आधी ओळख करून घ्यावी, संघात रुळायला वेळ लागणार नाही.

८. मला गाता येत नाही. गायनवृंदात जागा आहे का?

बेसूर असाल तर खरंच नाही. पण पेटी, तबला, झांज, कीबोर्ड, साउंड आणि पडद्यावर गीताचे शब्द दाखवणं यासाठी माणसं नेहमीच कमी असतात. मराठी ख्रिस्ती गीतांत दोन धारा आहेत. एक पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या गीतांची, दुसरी अभंग-पद-भजनाची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ही दुसरी धार जी रुजवली ती अजून आमच्या आज्यांच्या तोंडी आहे. हल्ली पोरांना गिटार हवं असतं. गिटार वाजवा, हरकत नाही, पण तालमीला पेटीवाल्या काकांच्या आधी येऊन तारा जुळवून ठेवा. कुमार गटातल्यांना तबला शिकायचा असेल तर शनिवारी झाडलोटीनंतर शिकवतात. झाडलोट चुकवून थेट तबल्याला आलेल्याला नाही.

९. रविवारी सकाळी फुटबॉलचा सराव असतो. उपासना आणि सराव दोन्ही कसं जमवायचं?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरतं, पेठापेठांत झेंडे लागतात आणि आमची निम्मी पोरं एकतर मैदानात असतात नाहीतर गॅलरीत. मंडळीने यावर बंदी घातलेली नाही. खेळाडू म्हणून एखाद्या तालमीच्या संघात असाल तर प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा की महिन्यातले काही रविवार उशिरा येईन. बहुतेक जण समजून घेतात, कारण चांगला बॅक सहजासहजी मिळत नाही. उरलेल्या रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला या. नुसते प्रेक्षक असाल तर सबब चालणार नाही, सामने बहुतेक दुपारी असतात.

एक गोष्ट कडक आहे. पेठांची टशन फाटकाच्या आत आणायची नाही. हरलेल्या संघाच्या पोराला चर्चच्या आवारात डिवचलं तर संघाचा अध्यक्ष दोघांनाही आठवडाभर झाडलोटीला लावतो. मंडळ्यांमधल्या क्रिकेट आणि फुटबॉलच्या मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी नावं जानेवारीत घेतो.

१०. नाताळची कॅरल आमच्या घरी कधी येणार? दरवर्षी आमची गल्ली राहून जाते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दाराजवळ वही ठेवतो. तिच्यात घराचा पत्ता आणि साधारण वेळ लिहा. नाव नसलेल्या घरी आम्ही जात नाही, कारण न सांगता रात्री दहा जण दारात उभे राहिले तर शेजारीही जागे होतात. गल्ल्या भागाभागाने घेतो: एक दिवस शाहूपुरी-ताराबाई पार्क, एक दिवस कसबा बावडा, एक दिवस राजारामपुरी आणि विद्यापीठाकडचा भाग. कोडोली आणि आसपासच्या गावांसाठी वेगळा दिवस.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. ठरावीक सणांच्या रात्री जिल्हाधिकारी बारापर्यंत सूट देतात, पण ती मिळालेल्या तारखांपुरतीच. म्हणून दहानंतर आम्ही फक्त पेटी आणि आवाजावर गातो, तेही हळू. शेजारी आजारी माणूस किंवा बारावीचं पोरगं असेल तर आधी सांगा, अंगणाऐवजी घरात गाऊ.

खायला काय द्यायचं असंही विचारतात. काही दिलंच पाहिजे असं नाही. रात्रीतून बारा घरं होतात आणि प्रत्येक घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, केक. आठव्या घरानंतर सगळे नुसतं पाणी मागतात. नानकटाई डब्यात घालून दिलीत तर ती दुसऱ्या दिवशी मिशनच्या जुन्या वसाहतीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पोचते. कॅरलला जमलेले पैसे कुठे जातात ते प्रश्न २१ मध्ये.

११. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. कुमार गटात पाठवायची तर सुरक्षिततेचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांचे आम्ही आभार मानतो. न विचारणाऱ्यांचीच काळजी जास्त वाटते. १८ च्या आतल्या प्रत्येकासाठी पालकांचं संमतिपत्र लागतं, मग घर ख्रिस्ती असो वा नसो. मुलांच्या कुठल्याही कार्यक्रमात किमान दोन प्रौढ असतात. बंद खोलीत एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल असं बसत नाहीत, समुपदेशनालाही नाही. पाळकांनाही हाच नियम. मुली असलेल्या प्रवासात महिला मंडळीतली किमान एक काकी किंवा ताई असते. सराव संध्याकाळी साडेसातला संपतो. त्यानंतर थांबायचं असेल तर घरून फोन यायला हवा.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळीतलं मंडळीतच मिटवू' हा पर्याय कुणाकडेही नाही, मंडळीच्या वडिलांकडेही नाही. मुलं स्वतः १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करू शकतात. तो क्रमांक रविवार शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लावलेला आहे.

१२. मे महिन्यातल्या व्हीबीएसला (सुट्टीतल्या बायबल शाळेला) शेजारची मुलं आणली तर चालतील?

चालतील, दरवर्षी येतात. सकाळी गोष्ट, गाणी, हस्तकला, खेळ आणि नाश्ता असतो. पालकांना आधीच स्पष्ट सांगा की गोष्टी बायबलमधल्या असतात. नंतर कळून नाराजी होण्यापेक्षा ते बरं. संमतिपत्राशिवाय प्रवेश नाही.

१३. पन्हाळ्याच्या शिबिराला पैसे परवडत नाहीत. काय करू?

पाळकांना किंवा खजिनदारांना एकट्याने भेटा. ते शुल्क कमी करतात किंवा माफ करतात आणि ते नाव त्या दोघांपलीकडे कुणालाही कळत नाही. यादीत सगळ्यांच्या नावापुढे सारखीच खूण असते. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे खर्च मुख्यतः राहण्या-जेवण्याचा. पावसाळ्यात शिबिर ठेवत नाही. धुकं आणि घाटातला रस्ता यांची काळजी आमच्यापेक्षा पालकांनाच जास्त असते आणि ती रास्त आहे. मोबाईल रात्री गोळा होतो, सकाळी नाश्त्यानंतर परत मिळतो. तांबडा-पांढरा रस्सा शेवटच्या रात्रीच, आणि शाकाहारी मुलांसाठी वेगळी चूल.

१४. मी शिकायला कोल्हापुरात आलोय. गावची मंडळी वेगळी आहे. इथलं सभासदत्व घ्यावं लागेल का?

दोन-तीन वर्षांसाठीच आला असाल तर गरज नाही. मूळ मंडळीचे सभासद राहून इथे संघात पूर्ण भाग घ्या. फक्त तुमच्या पाळकांचं ओळखपत्र आणा. इथेच नोकरी लागली, घर केलं, तर सभासदत्वाची बदली करून घ्या. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना जवळ करणं या शहराला नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या वसतिगृहांत भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही एक होतं. आज विद्यापीठात आणि मेडिकलला येणारी पोरं खोल्या शोधतात, त्यांच्यासाठी खोली भाड्याने देणाऱ्या घरांची यादी संघाकडे आहे. मेसला कंटाळलेल्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावणाऱ्या घरांची यादी तर त्याहून लांब आहे. नाव द्या, लाजू नका.

१५. संध्याकाळी मी दुसऱ्या फेलोशिपला जातो, तिथली गाणी आवडतात. तुमची हरकत आहे का?

जाण्याला नाही. तिथे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यायचा विचार असेल तर आधी पाळकांशी बोला. प्रेस्बिटेरियन शिकवणीत बाप्तिस्मा एकदाच होतो आणि बाळपणीचा बाप्तिस्मा पूर्ण धरला जातो. दोन्हीकडे पदाधिकारी होता येणार नाही, हा संघाचा नियम आहे.

१६. वार्षिक सभेत तरुणांना मत आहे का?

१८ पूर्ण आणि दृढीकरण झालेलं असेल तर आहे, इतर सभासदांइतकंच. सेशनमध्ये संघाचा एक प्रतिनिधी बसतो. वडील म्हणून निवडून यायलाही नियमात अडचण नाही, अडचण उभं राहण्याची असते. वर्षभर तक्रारी करून सभेच्या दिवशी रंकाळ्यावर भेळ खायला जाणाऱ्यांची तक्रार पुढच्या वर्षी ऐकून घेत नाही.

१७. गल्लीच्या गणेश मंडळात माझे मित्र आहेत. मिरवणुकीत गेलो तर पाप लागेल का? प्रसाद खाऊ का?

यावर मंडळीतच दोन मतं आहेत, ती लपवून उपयोग नाही. काही वडील म्हणतात लांबच राहा. आमचं मत असं: मंडळाचं रक्तदान, मिरवणुकीतली पाणीवाटप, पंचगंगेकाठचं निर्माल्य गोळा करणं, भांडण सोडवणं यात जरूर जा, शेजाऱ्यांचं काम ते आपलं काम. पूजेत भाग घेणं वेगळं. तिथे मित्राला सरळ सांगितलंत तर तो समजून घेतो. उपवासाला मटणाचा आग्रह न करण्याइतकी समज त्याच्याकडे असते, तशी आपल्याकडेही असावी.

प्रसादाचा प्रश्न येशूचा प्रेषित पौल याच्या काळापासूनचा आहे. बायबलमधल्या त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ८ वा अध्याय आणि रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाचा. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असं तिथे आहे. ज्याच्या मनाला टोचतं त्याने हात जोडून नम्रपणे नको म्हणावं. देणाऱ्याच्या तोंडावर उपदेश करू नये. आणि नाताळात तेच मित्र आपल्याकडे केक खायला येतात, तेव्हा कोण कुणाचं काय खातो याचा हिशोब फार ताणू नका.

१८. मुलगा ख्रिस्ती, मुलगी हिंदू. चर्चमध्ये लग्न लागेल का?

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार वधू-वरांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न लागू शकतं. पण पाळक लावतीलच असं नाही, मंडळीचे स्वतःचे नियम असतात. लग्नासाठी म्हणून घाईत बाप्तिस्मा द्यायला आमचे पाळक तयार होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दोघांना आपापल्या धर्मात राहायचं असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते. नंतर घरी प्रार्थना ठेवायची असेल तर पाळकांशी बोला. मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ पूर्ण हवं, कुठल्याही वाटेने गेलात तरी. दोघेही ख्रिस्ती असतील तर लग्नाच्या आधीच्या रविवारी मंडळीत पुकार (लग्नाची जाहीर सूचना) होते, म्हणून तारीख हॉलवाल्याला देण्याआधी पाळकांना द्या.

१९. पूर आला की संघ काय करतो? मला मदतीला यायचंय.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै पाहिल्यावर आता पावसाळ्याआधीच यादी तयार असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ फुटांना धोका. आम्ही ३९ ची वाट पाहत नाही. त्याआधीच सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा सखल भागातल्या ओळखीच्या घरांना फोन जातात. आधी म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि आजारी यांना हलवतो, मग कागदपत्रं आणि औषधं. फ्रिज-टीव्ही शेवटी. 'इतकं पाणी येत नाही' म्हणणाऱ्या आजोबांना समजवायला त्यांच्या नातवाला पाठवतो, आमचं ते ऐकत नाहीत.

पाण्यात उतरणं हे प्रशिक्षित पथकांचं काम, संघाच्या पोरांना त्याची परवानगी नाही. आपलं काम कोरड्या जागी: सतरंज्या, जेवण, पाणी, औषधांची यादी. पूर ओसरल्यावरचा चिखल काढणं हे सगळ्यात मोठं काम आणि तेव्हा माणसं सगळ्यात कमी असतात. यायचं असेल तर तेव्हा या, गमबूट घेऊन.

२०. मातीला जायला लहान पोरांना का बोलावता?

लहानांना नाही, १८ च्या पुढच्यांना. खांदा देणं, कबरीशी गीत म्हणणं, आलेल्यांना पाणी देणं ही कामं युवक करतात. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांना बोलावत नाही.

२१. वर्गणी आणि कॅरलचे पैसे कुठे जातात?

संघाच्या खात्यात, पावतीने. त्यातून शिबिराची सूट (प्रश्न १३), पुस्तकं आणि आजाऱ्यांना मदत. हिशोब दर तीन महिन्यांनी फळ्यावर लागतो. पावती न देता पैसे मागणारा आमचा नाही.

२२. खरं सांगायचं तर माझा आता विश्वास राहिलेला नाही. मित्रांसाठी येतो. येऊ का थांबू?

या. हे विचारणारे तुम्ही एकटे नाही, आणि विचारणाऱ्यांत मंडळीच्या वडिलांची मुलंही आहेत. प्रार्थना पुढाकाराने म्हणायला किंवा शास्त्रपाठ घ्यायला तुम्हाला सांगणार नाही. मनात नसताना ते करून घेणं तुमच्यावरही अन्याय आणि ऐकणाऱ्यांवरही. बाकी सगळं काम मोकळं आहे. शंका बोलून दाखवायच्या असतील तर रविवारच्या बैठकीतच दाखवा. येशूच्या थॉमा नावाच्या शिष्याने खात्रीसाठी येशूच्या जखमा पाहायला मागितल्या तेव्हा त्याला कुणी खोलीबाहेर काढलं नव्हतं. एकट्याने बोलायचं असेल तर पाळक मंगळवारी संध्याकाळी भेटतात. घरच्यांना ते सांगत नाहीत. मात्र वय १८ च्या आत असेल आणि जिवाला धोका वाटला तर सांगावं लागतं, हे ते सुरुवातीलाच स्पष्ट करतात.

२३. वाढदिवसाला चर्चचा हॉल मिळेल का?

सभासदांना मिळतो, शनिवार सोडून. अर्ज आठवडाभर आधी, अनामत रक्कम आधी, दारू आणि डीजे नाही, आवाज दहाला बंद (प्रश्न १०). खुर्च्या ज्याच्या त्याने लावायच्या आणि ज्याच्या त्याने उचलायच्या. किल्ली वॉचमनकाकांकडून घ्या आणि त्यांच्याच हातात परत द्या, शेजारच्या दुकानात ठेवून जाऊ नका.